मोठा पंप की योग्य पंप? भोपाळच्या पंप रूममधून आणलेला धडा



होड्या वर काढलेल्या आहेत, जाळी विणायला घेतली आहेत आणि दरवर्षीप्रमाणे इंजिनं खोलायचं कामही सुरू झालंय. याच दिवसांत संस्थेच्या कार्यालयात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "सचिव, जाळं ओढताना इंजिन दमतंय. मोठा पंप टाकू का?" आजची पोस्ट या प्रश्नावर आहे. थोडी लांब आहे, पण लाखाच्या खर्चाची गोष्ट आहे. सावकाश वाचा, आणि घरातल्या ज्या पोराला हिशेब जमतो त्याला जवळ बसवून वाचा.

आधी आमची चूक सांगतो. गेल्या हंगामात आपल्या एका ट्रॉलरमालकाने सहा सिलेंडरच्या इंजिनवर जुन्या ट्रकचा मोठा पंप बसवला. ओढ वाढेल, शेजारच्या बोटीच्या बरोबरीने जाळं जाईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पंपासाठी आगाऊ रक्कम संस्थेनेच दिली. अर्जावर सही करताना आम्ही पंप कुठल्या मापाचा, कुठे तपासला, यातलं काहीही विचारलं नाही. पहिला आठवडा नाखवा खूश होता. धूर काळा येत होता, पण "ताकद आहे म्हणून धूर आहे" असं आपण सगळेच म्हणत होतो. अठराव्या दिवशी भर समुद्रात जाळं खाली असताना चौथ्या सिलेंडरचा पिस्टन जळाला. दुसऱ्या बोटीने सात तास ओढून बंदराला आणलं. हंगामाचे उरलेले दिवस बोट जेटीला उभी राहिली. खलाशी दुसरीकडे गेले, आगाऊ घेतलेले पैसे मालकाच्या अंगावर आले. यात पंप बनवणाऱ्याचा काही दोष नाही. निवड चुकली, आणि त्या निवडीला संस्थेनेही हातभार लावला.

यंदा जूनमध्ये सहकाराच्या एका प्रशिक्षणासाठी आम्हाला भोपाळला जायचं होतं. त्या नाखवाला म्हटलं, "तो पंप गोणीत बांध आणि चल आमच्याबरोबर." कल्याणहून पंजाब मेल पकडली. सीटखाली पंप, वर डबा, असा प्रवास झाला.

भोपाळ का, असं विचाराल. भोपाळजवळ नर्मदेकाठी बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रं तपासणारी संस्था १९५५ पासून आहे. शहरातच कृषी अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. आजूबाजूला ट्रॅक्टर, हार्वेस्टर, मालट्रक यांची मोठी वर्दळ, त्यामुळे तिथे चांगल्या पंप रूम आहेत. आमच्या ओळखीतून एका मिस्त्रींचं नाव मिळालं होतं. मूळचे मराठी, पण तीन पिढ्या भोपाळमध्ये. मराठी बोलतात, मधेच हिंदीत शिरतात. वय साठीच्या पुढे.

मिस्त्रींनी गोणी उघडली, पंप बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा कशासाठी लावला होता? ट्रक खेचायच्या शर्यतीला की मासेमारीला?"

शर्यतीचा पंप आणि आपला पंप

आम्हाला वाटलं गंमत करतायत. पण तेच खरं मर्म निघालं. पंजाबात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने बांधतात आणि कोण कोणाला ओढतं ते बघतात. त्याला टोचन म्हणतात. अमेरिकेत ट्रकमागे वजनाची गाडी लावतात. ट्रक पुढे जाईल तसं त्या गाडीवरचं वजन सरकत जातं आणि ओढ जड होत जाते. पूर्ण ओढ म्हणजे ३०० फूट. या दोन्ही ठिकाणी इंजिनला पूर्ण ताकद थोडाच वेळ द्यायची असते. शर्यत संपली की इंजिन थंड करायला, खोलायला वेळ असतो. तिथले लोक बॉशचा पी-७१०० जातीचा लाइन पंप घेतात, आत १२ किंवा १३ मिलिमीटरचे प्लंजर टाकतात, बरोबर मोठे टर्बो, मोठी नोझलं, मजबूत पिस्टन लावतात. एवढं सगळं मिळून ती ताकद निघते.

आपली बोट एका ओढीला दोन-तीन तास जाळं खेचते. दिवसातून तीन-चार वेळा. मधे समुद्र, खाली जाळं, वर सात-आठ माणसं. म्हणून एकाच इंजिनची ट्रकवरची अश्वशक्ती जास्त लिहिलेली असते आणि सतत चालणाऱ्या बोटीच्या कामाला कंपनी कमी लिहून देते. घाट चढून ट्रक उतरणीला लागतो, इंजिनला श्वास मिळतो. जाळं ओढताना उतरण येत नाही.

पंप नक्की करतो काय?

मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं. "भाऊ, पंप ताकद देत नाही, डिझेल देतो. डिझेल जाळायला हवा लागते. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे बाकीचं डिझेल धूर होणार नाहीतर पिस्टनवर पडणार."

लाइन पंपात प्रत्येक सिलेंडरला एक प्लंजर आणि एक बॅरल असतो. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. प्लंजरवर तिरकी खाच असते. रॅक सरकली की प्लंजर फिरतो आणि प्रत्येक वेळी किती डिझेल जाणार ते ठरतं. गव्हर्नर ही रॅक हलवतो. बॉशने असे पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरमध्ये मायको आली. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी आपले मिस्त्री अजून "मायकोचा पंप" असंच म्हणतात.

कागद-पेन्सिल घ्या

मिस्त्रींनी आम्हाला एका जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब करून दाखवला. तो जसाच्या तसा देतो. इंजिन साडेसहा लीटरचं, सहा सिलेंडर, टर्बो नाही, २००० फेऱ्यांना ११० अश्वशक्ती.

पहिली पायरी. असं इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण १७० ग्रॅम डिझेल खातं. ११० गुणिले १७०, म्हणजे १८.७ किलो. एक लीटर डिझेलचं वजन सुमारे ८३० ग्रॅम, म्हणजे तासाला साडेबावीस लीटर.

दुसरी पायरी. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दोन फेऱ्यांना एकदा डिझेल पडतं. २००० फेऱ्यांना मिनिटाला १००० वेळा, सहा सिलेंडरना ६०००, तासाला ३,६०,००० वेळा. साडेबावीस लीटरला त्याने भागा. एका वेळी सुमारे ६२ घन मिलिमीटर, म्हणजेच पंप रूमच्या भाषेत हजार स्ट्रोकला ६२ सीसी. हा या इंजिनचा आकडा.

तिसरी पायरी, हवा. साडेसहा लीटरचं इंजिन २००० फेऱ्यांना मिनिटाला साडेसहा हजार लीटर हवा ओढायला हवं. प्रत्यक्षात ८५ टक्के भरतं असं धरा. इंजिनरूममधली हवा गरम, म्हणून हलकी. सगळं धरून तासाला साधारण ३८० किलो हवा. स्वच्छ जळायला एक किलो डिझेलमागे निदान २० किलो हवा हवी. ३८० भागिले २० म्हणजे १९ किलो डिझेल. कंपनीने ११० अश्वशक्ती का लिहिली ते इथे कळतं. त्या इंजिनच्या पोटात त्याहून जास्त हवाच मावत नाही.

मग आपला गोणीतला पंप टेस्ट बेंचवर चढवला. तिथे ठरावीक टेस्ट ऑइल ४० अंशाला ठेवून, मोजक्या नोझलांतून, काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलेंडरचं तेल मोजतात. आकडा आला ८४ सीसी. म्हणजे पूर्ण फेऱ्यांवर तासाला ३० लीटर डिझेल, वजनाने २५ किलो. हवा तीच ३८०. एका किलोला जेमतेम १५. कागदावर डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा पुरते, पण सिलेंडरमध्ये डिझेलच्या प्रत्येक थेंबाला हवा गाठायला वेळच नसतो. फेरे कमी केले तरी हे प्रमाण सुटत नाही, कारण हवा आणि डिझेल दोन्ही सारखेच कमी होतात.

त्यात सहा नळ्यांतलं तेल सारखं नव्हतं. चौथी नळी सगळ्यांत वर भरलेली. नाखवा ती नळी बघत बराच वेळ गप्प उभा राहिला. जळालेला पिस्टन चौथाच होता.

प्लंजरचं माप

मूळ पंपात ९ मिलिमीटरचे प्लंजर होते, नव्यात ११ चे. दोन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण क्षेत्रफळ ६३.६ वरून ९५ चौरस मिलिमीटर होतं, जवळजवळ दीडपट. रॅक तेवढीच सरकली तरी डिझेल दीडपट जातं.

आम्ही विचारलं, मोठा प्लंजर ठेवून रॅकच कमी केली तर? मिस्त्री म्हणाले, चालतं, पण फुकट चालत नाही. तेवढंच डिझेल कमी वेळात ढकललं जातं, दाब चढतो, ठोका वाढतो. आणि रॅक थोडी हलली तरी डिझेल खूप बदलतं, म्हणून स्लोला इंजिन एकसारखं चालत नाही, वरखाली होतं. बंदरात शिरताना ते त्रासाचं. पंपाची जातही बघावी लागते. जुना ए जातीचा पंप सुमारे ७५० बारपर्यंत दाब सोसतो, पी-७१०० सुमारे १२०० बारपर्यंत. पण तेवढा दाब तुमची नोझलं, पाइप आणि गिअर सोसतील का, ते वेगळं तपासावं लागतं.

लाइन पंप, रोटरी की कॉमन रेल?

रोटरी पंप लहान आणि हलका असतो. एकच डोकं सगळ्या सिलेंडरना आळीपाळीने डिझेल वाटतं. लहान इंजिनला चांगला. पण त्याचं आतलं सगळं वंगण डिझेलवरच चालतं. डिझेलमध्ये पाणी आलं की तो लवकर जातो, आणि आपल्याकडे डिझेल कॅनमधून चढतं, टाकीत घाम सुटतो, वरून लाटेचं पाणी. लाइन पंपाच्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं, तो थोडा जास्त सोसतो. पण प्लंजर त्याचेही डिझेलवरच सरकतात, म्हणून पाणी त्यालाही चालत नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. नव्या मालट्रकवर आता बहुतेक कॉमन रेल दिसतं. त्यात डिझेल कमी लागतं, धूर कमी, पण दाब १६०० बारच्या पुढे, वर सेन्सर आणि वायरिंग. खाऱ्या हवेत वायरचा एक जोड हिरवा पडला तर भर समुद्रात हातोडी-पाना कामाला येत नाही. बोटीसाठी म्हणून बनवलेलं कॉमन रेल इंजिन घ्यायचं असेल तर जवळच्या बंदरात त्याचा माणूस आणि स्कॅनर आहे का, ते आधी विचारा. ट्रकचं उचलून लावू नका.

गव्हर्नर विसरू नका

ही गोष्ट आम्हाला खरोखर माहीत नव्हती. काही ट्रकच्या पंपांवर असा गव्हर्नर असतो जो फक्त स्लो आणि जास्तीत जास्त फेरे सांभाळतो. मधलं सगळं ड्रायव्हरचा पाय सांभाळतो. बोटीत पाय नाही. तांडेल रेस लावून ठेवतो आणि जाळ्याकडे बघतो. लाट आली, पंखा अर्धा उघडा पडला की इंजिन पळतं. पंखा पाण्यात गेला की दबतं. म्हणून आपल्याला सर्व फेऱ्यांना सांभाळणारा गव्हर्नर हवा. पंप विकत घेताना "गव्हर्नर कुठला?" हे विचारलंच पाहिजे. टर्बोचं इंजिन असेल तर पंपावर बूस्टचा डबा हवा, म्हणजे टर्बोची हवा चढेपर्यंत डिझेल आवरून धरलं जातं.

दोष खरंच पंपाचा आहे का?

मिस्त्री म्हणाले, दहा जण पंप बदलायला येतात, त्यातले बरेचसे पंप बदलून घेण्याआधी दुसरंच काही बदलायला हवं होतं. ओढताना फेरे चढत नसतील तर हा क्रम ठेवा:

१. बोटीचं बूड. शेवाळ आणि कालवं चिकटली असतील तर पंप काय करणार?
२. पंखा. पीच जास्त असेल तर इंजिन कायम दबलेलं राहतं.
३. हवा. फिल्टर, इंजिनरूमची हवेची वाट, टर्बो असेल तर त्याचे पाइप.
४. डिझेलची वाट. टाकीचा गाळ, फिल्टर, फीड पंप.
५. नोझलं. दाब आणि फवारा तपासून घ्या.
६. टायमिंग. लवकर असेल तर ठोका, उशिरा असेल तर धूर आणि उष्णता.
७. मग पंप. तोही आधी बेंचवर, नंतर बदलायचा विचार.

पंख्याचा नियम लक्षात ठेवा. तोच पंखा १० टक्के जास्त फिरवायचा तर ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते. वेग मात्र फार तर १० टक्के वाढतो, आणि जाळं मागे असताना तोही नाही. डिझेल ३३ टक्के जास्त जाळून एवढंच हाती येणार असेल तर ते परवडतं का, हे प्रत्येकाने आपल्या फेरीच्या हिशेबात मांडून बघावं.

तरीही पंप घ्यायचाच असेल

पंप झिजला, प्लंजर गेले तर घ्यावाच लागतो. तेव्हा इंजिनची प्लेट आणि जुन्या पंपाची प्लेट यांचा फोटो काढून न्या. नंबर जुळवा. फायरिंग ऑर्डर जुळली पाहिजे; सहा सिलेंडरला बहुतेक १-५-३-६-२-४ असते, पण आपल्या इंजिनचीच बघा. फिरायची दिशा, फ्लँज की बैठक, प्लंजरचं माप, गव्हर्नर हे सगळं बिलावर लिहून घ्या. सगळ्या सिलेंडरचे पाइप एकाच लांबीचे आणि एकाच भोकाचे ठेवा. बेंचवर आपल्यासमोर लावा आणि आकड्यांचा कागद मागून घ्या. सील तोडलेलं असेल आणि कागद नसेल तर तो पंप स्वस्त नाही. बसवल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला उष्णतेचा मीटर लावा. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पिस्टन त्याच धातूचा. धूर दिसायच्या आधी मीटर सांगतो.

आणि कागदपत्रं. नौकेच्या नोंदणीत, विम्यात इंजिनची अश्वशक्ती लिहिलेली असते. ताकद वाढवली आणि कागद तेच राहिले तर अपघाताच्या वेळी बोलायला जागा उरत नाही. बदल करण्याआधी कार्यालयात या.

भोपाळचा तलाव

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं बड्या तलावावर बसलो. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला असं सांगतात. शहर त्याचं पाणी पितं. म्हणून २०२३ मध्ये हरित लवादाने तिथे डिझेलच्या बोटी बंद करायला सांगितलं. तिथले मासेमार बांधव वल्ह्यांवर जातात, जाळं टाकतात, येतात. नाखवा बघत म्हणाला, "यांचं बरं आहे, पंपाची कटकट नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण दमला तर वल्हं टाकून थांबतो तो. मी कधी थांबलोच नाही. शेजारच्या बोटीकडे बघून रेस वाढवत राहिलो."

त्याने तो ११ चा पंप परत आणला नाही. मिस्त्रींनी योग्य इंजिनला लावीन म्हणून ठेवून घेतला, त्याचे काही पैसे आले. घरी अडगळीत पडलेला जुना ९ चा पंप नंतर पाठवला. नवे प्लंजर, ६२ सीसी, सहाही नळ्या सारख्या, कागदासकट तो परत आला. पंख्याचा पीच एका इंचाने उतरवला, बूड खरवडलं. गेल्या आठवड्यात बोट पाण्यात घेऊन जेटीला बांधून पूर्ण रेस दिली. मागच्या वर्षी काळ्या धुराने जेटी भरायची. या वेळी धूर फिकट होता आणि फेरे चढले. जाळं मागे लागल्यावर काय होतं ते नारळी पौर्णिमेनंतर कळेल. जे होईल ते इथेच लिहू, चांगलं असो वा वाईट.

संस्थेनेही एक ठरवलं आहे. यापुढे इंजिन किंवा पंपासाठी आगाऊ रक्कम मागताना बेंचचा कागद जोडावा लागेल. काही जणांना ही अडवणूक वाटेल. पण गेल्या वर्षी हा एक कागद आम्ही मागितला असता, तर त्या बोटीवरच्या आठ घरांचा हंगाम वाचला असता.

शेवटचं, आज रात्रीच करण्यासारखं: वर काढलेल्या होडीची डिझेल टाकी अर्धी ठेवू नका. भरून ठेवा, म्हणजे आत घाम धरणार नाही. सोडण्याआधी तळाचं पाणी काढा, फिल्टर बदला. पंपाचं निम्मं आयुष्य तिथेच वाचतं.

काही शंका असेल तर संध्याकाळी कार्यालयात या. येताना इंजिनच्या प्लेटचा फोटो घेऊन या. गणित एकत्र बसून करू.

आपला,
सचिव, संस्थेच्या संचालक मंडळाच्या वतीने